मंत्र म्हटला, पण मशीनला ऐकू आला का?

इयरफोन घातलेत ना? आज आवाज जरा कमी ठेवा, कारण मी मध्येमध्ये ओरडणार आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. मी जिथे ओरडले असेन तिथे तुम्ही मनातल्या मनात ओरडा.

आजचा विषय आहे आवाजाने खेळायचे गेम. त्यातही एक खास जात, जिच्यात तुम्ही जादूगार असता आणि मंत्र तोंडाने म्हणावा लागतो. बटण नाही, स्वाइप नाही. शब्द उच्चारला तर जादू होते, नाहीतर तुम्ही मरता.

२०२५ मध्ये पीसीवर, म्हणजे स्टीमवर, 'मेज अरीना' नावाचा एक गेम आला. मेज म्हणजे इथे टेबल नव्हे, जादूगार. कुठल्या बड्या स्टुडिओचा नाही, छोटासा इंडी गेम, किंमतही वडापावच्या पार्टीइतकी. जादूगारांच्या दोन टोळ्या एकमेकांवर तुटून पडतात. हातात मंत्रांची पोथी असते. पान उलटायचं, मंत्र समोर धरायचा आणि माइकमध्ये म्हणायचं, 'फायरबॉल!' की सुटला आगीचा गोळा. 'फ्रीझ' म्हटलं की समोरचा गारठतो. 'वर्म' म्हटलं की एक भोक पडतं, 'होल' म्हटलं की दुसरं; एकातून शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर यायचं. वर्महोल! हा इतका वाईट विनोद आहे की तो चांगला झालाय.

आता यात खरी मजा कुठे आहे? ग्राफिक्समध्ये नक्कीच नाही. मजा अशी आहे की तुमचा आवाज गेममधल्या इतरांनाही ऐकू जातो. जवळच्याचा मोठा, लांबच्याचा बारीक. म्हणजे दगडामागे लपून कुणी मंत्र म्हणत असेल तर तुम्हाला तो कानावर येतो. बंदुकीच्या गेममध्ये शत्रूने ट्रिगर ओढायच्या आधी तो 'आता मी ट्रिगर ओढतोय हां' असं सांगत नाही. इथे सांगावंच लागतं. शस्त्र आणि इशारा एकाच शब्दात.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे भीती. तुम्ही कितीही घाबरलात तरी तुमचा अंगठा बटणावर नीटच पडतो, कारण बटणाला एवढंच कळतं की दाबलं की नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून 'फायरबॉल' येत नाही, 'फा... फाय... अरे थांब थांब' येतं. सांगलीचा एक मित्र आहे, कॉलेजात डिबेटला बक्षिसं मिळवलेला. एकदा समोरून तीन जादूगार पळत आले तेव्हा गडी फक्त 'आई गं' म्हणाला. त्या पोथीत 'आई गं' नावाचा मंत्र नव्हता. मेला.

हे सगळं नवीन वाटतं, पण शब्द हेच शस्त्र असलेला खेळ आपल्याकडे फार जुना आहे. हुतूतू! म्हणजेच कबड्डी. चढाई करणारा सतत 'कबड्डी कबड्डी' म्हणत जातो, एका दमात. दम तुटला, आवाज बंद पडला, की चढाई संपली. पंचाचं अर्धं काम डोळ्यांचं आणि अर्धं कानांचं असतं. घोष स्पष्ट ऐकू यायला हवा, हा नियमच आहे. म्हणजे कबड्डीसुद्धा एक प्रकारचा व्हॉइस-कंट्रोल्ड गेमच आहे, फक्त ऐकणारा माणूस आहे. आणि त्या माणसाला कोल्हापूरची कबड्डी कळते, मालवणची कळते, हरियाणाचीही कळते. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण परत त्यावर येणार आहोत.

थोडा इतिहास सांगते, पटकन. निन्टेन्डोने १९९८ मध्ये जपानमध्ये 'हे यू, पिकाचू!' नावाचा गेम काढला, अमेरिकेत तो २००० मध्ये आला. सोबत माइक मिळायचा आणि पिकाचूशी बोलायचं. त्या यंत्राचा कान लहान मुलांच्या उंच, बारीक आवाजासाठी जुळवलेला होता. म्हणजे बाबा बोलले की पिकाचू गोंधळून बघणार, आणि पोरगी बोलली की उड्या मारणार. मला हे फार आवडतं. घरातला एक तरी प्राणी मोठ्यांचं ऐकत नव्हता.

मग २०१२ मध्ये 'स्कायरिम'ला एक्सबॉक्सच्या किनेक्टचा सपोर्ट आला. किनेक्टला माइक होते, त्यामुळे ड्रॅगनच्या भाषेतले घोष खरोखर ओरडता यायला लागले. 'फुस रो दा!' हे मीम म्हणून तुम्ही ऐकलंच असेल. मग २०२० मध्ये 'फॅस्मोफोबिया' आला, भुताच्या घरात शिरायचा गेम. तिथे तुम्ही भुताला नावाने हाक मारता आणि ते चिडतं. रात्री एकटं खेळताना आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाला समोरून प्रतिसाद येतो, तेव्हा जे वाटतं ते बटणाने कधीच वाटलं नसतं.

पण माझा यातला लाडका गेम म्हणजे 'इन वर्बिस व्हर्टुस', २०१५ चा, इंडोमिटस गेम्स नावाच्या छोट्या इटालियन स्टुडिओचा. नाव लॅटिन आहे. शब्दांत सामर्थ्य, असा साधारण अर्थ. एका प्राचीन मंदिरात तुम्ही एकटे, अंधार, आणि वाट काढायची ती मंत्र म्हणून. उजेड हवा तर उजेडाचा मंत्र म्हणायचा. गंमत म्हणजे मंत्र इंग्रजीत नाहीत. त्यांनी 'महाकी' नावाची एक अख्खी बनावट भाषा तयार केली. तुम्ही लंडनचे असा की लातूरचे, ती भाषा सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून शिकावी लागते. यावरही आपण परत येऊ.

आता जरा यंत्राच्या पोटात शिरू. गेमला तुमचा शब्द कळतो कसा?

तुम्ही बोलता तेव्हा माइक हवेतल्या कंपनांचे आकडे करतो. बोलणं ओळखणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरना सेकंदाला १६,००० आकडे पुरतात. त्यांचे बारीक तुकडे पाडतात, एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा. प्रत्येक तुकड्यात कुठल्या उंचीच्या ध्वनीत किती जोर आहे हे मोजलं जातं. मग एक मॉडेल अंदाज बांधतं: हा तुकडा 'फ'चा असण्याची शक्यता इतकी, 'प'ची इतकी, नुसत्या पंख्याच्या घरघरीची इतकी. हे सगळे अंदाज जोडून शब्द.

फोनवरच्या असिस्टंटला तुम्ही काहीही विचारू शकता, म्हणून त्याला लाखभर शब्दांतून निवड करावी लागते. गेमचं तसं नाही. पोथीत समजा पंधरा मंत्र आहेत. मग सॉफ्टवेअरला फक्त एवढंच ठरवायचं असतं की हा आवाज या पंधरापैकी कशाशी जास्त जुळतो, की यातलं काहीच नाही. पर्याय कमी म्हणून काम सोपं. त्यामुळेच असलं छोटं मॉडेल इंटरनेटशिवाय, तुमच्याच कॉम्प्युटरवर चालू शकतं.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. 'पुरेसं जुळलं' म्हणजे किती जुळलं? अट सैल ठेवली तर तुम्ही मित्राला सहज सांगताय, 'अरे त्याने मला फायरबॉल मारला', आणि तेवढ्यात तुमच्याच हातून गोळा सुटून मित्र भाजतो. अट कडक ठेवली तर तुम्ही चारदा ओरडता आणि काही होत नाही. आणि वेळ! तुमचं बोलून पूर्ण झालं हे कळण्यासाठी सॉफ्टवेअर शांततेची वाट बघत बसलं तर तोवर खेळ आटोपलेला असतो. म्हणून चांगले गेम अर्ध्या शब्दावरच अंदाज बांधायला लागतात.

आणि आता आपल्या मुद्द्याकडे. ही अट सैल की कडक, हे सगळ्यांसाठी सारखं नसतं.

त्याच सांगलीच्या मित्राचं बघा. 'फायरबॉल' त्याला दहापैकी नऊ वेळा जमतं. 'वर्म' मात्र दहापैकी चार. का? कारण आपण मराठी माणसं 'वर्म' म्हणताना 'र' चांगला खणखणीत म्हणतो. एखाद्याच्या वर्मावर बोट ठेवतो ना, तसाच. अमेरिकन माणसाच्या 'वर्म'मध्ये स्वर आणि 'र' एकात एक विरघळलेले असतात, जिभेचा फटका नसतोच. शिवाय इंग्रजीत 'व' दोन आहेत, एक ओठ गोल करून आणि एक दात ओठावर टेकवून. आपण दोन्हींसाठी मधलाच एक वापरतो. 'होल'चंही तसंच. आपला 'ओ' सरळ, एका जागी थांबणारा. त्यांचा 'ओ' सुरू होतो एकीकडे आणि संपतो 'ऊ'कडे घसरत.

सगळ्यात मजेशीर भानगड 'प', 'ट', 'क'ची आहे. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'प' म्हणतो तेव्हा त्यात हवेचा एक झोत असतो, आपल्या कानाला तो जवळजवळ ओठांनी म्हटलेला 'फ' वाटेल असा. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून बघा, हलेल. आपला 'प' कोरडा, हवेशिवाय. म्हणून आपण 'पोर्टल' म्हटलं की इंग्रजी ऐकून वाढलेल्या कानाला ते 'बोर्टल'सारखं लागतं. आता बघा, आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार वेगवेगळे ध्वनी आहेत. इंग्रजी कानाकडे त्या जागी खाने दोनच. आपल्या जिभेला जास्त फरक करता येतात, आणि तरी नापास आपणच होतो.

हे नुसतं गेमपुरतं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका, काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. लक्षात घ्या, हे सगळे अमेरिकनच होते, इंग्रजीच बोलणारे, जन्मापासून. फरक एवढाच की मशीनला शिकवताना कुणाचे आवाज भरपूर ऐकवले होते आणि कुणाचे कमी.

म्हणून मला कुणी 'तुझा उच्चार सुधार, मग मंत्र चालेल' असं म्हटलं की राग येतो. आणि आपण हे एकमेकांना फार म्हणतो. मराठी शाळेतून आलेली पोरं कॉलेजच्या पहिल्या वर्षी तोंड उघडत नाहीत, ती उगीच नाही. तिथे वर्गातली मुलं हसतात. आता गेममध्ये मशीन हसत नाही, ते फक्त काहीच करत नाही. चारदा 'वर्म' म्हटलं, भोक पडलं नाही, आणि टीममधला कुणीतरी हेडफोनमधून म्हणाला, 'भाऊ, प्रोनन्सिएशन!' तुम्ही पुढच्या वेळेला माइकचा गेम सोडून बटणाचा गेम लावता. मशीनला बिघाड झालाय असं कुणालाच वाटत नाही. बिघाड तुमच्या जिभेत आहे असं वाटतं.

उच्चार चुकला म्हणून मंत्र उलटला, ही कल्पना तशी आपल्याला परकी नाही. गोष्ट माहीत असेल: इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप मारला. त्वष्ट्याने सूडासाठी यज्ञ मांडला आणि त्यातून वृत्राला उभं केलं. त्याला इंद्राला मारणारा हवा होता, म्हणून मंत्रात शब्द वापरला 'इंद्रशत्रु'. शब्द बरोबर, अक्षरं बरोबर, फक्त स्वराचा जोर शेवटी यायचा तो सुरुवातीला आला. तेवढ्याने समासच बदलला. 'इंद्राला मारणारा' ऐवजी अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो'. आणि मेला कोण? वृत्र! पतंजलीने आपल्या महाभाष्यात अगदी सुरुवातीलाच हे उदाहरण दिलंय, व्याकरण का शिकायचं हे पटवताना. जगातला पहिला 'स्पेल फेल' म्हणायला हरकत नाही.

तिकडे अलीबाबाच्या गोष्टीतला कासिमही तसाच. गुहेत शिरला, सोनं भरलं आणि बाहेर पडताना शब्दच विसरला. तिळाला दार उघडायला सांगायचं, तर हा दुसरीच धान्यं पुकारत बसला. त्या दाराची अट फारच कडक होती. पण दार प्रामाणिक होतं हो. बरोबर शब्द म्हटला तर कुणासाठीही उघडायचं, चोरांसाठीसुद्धा. त्या दाराला अलीबाबाचा ॲक्सेंट आवडतो आणि कासिमचा नाही, असं नव्हतं.

म्हणूनच तो इटालियन गेम मला आवडतो. बनावट भाषा आणली की निदान जन्माने कुणी पुढे नाही. बरोबर उच्चार म्हणजे कुठल्या एका गावचा उच्चार, असं उरत नाही. अर्थात खाली ऐकणारं मॉडेल शेवटी कुठल्या ना कुठल्या खऱ्या भाषेवरच शिकलेलं असतं, तेव्हा शंभर टक्के सुटका नाहीच. पण खेळणाऱ्याच्या मनात फरक पडतो. मंत्र चुकला तर 'मला महाकी नीट येत नाही' असं वाटतं. ते कुणालाच येत नाही.

याहून सोपा उपायही आहे, आणि गेम बनवणारे तो का करत नाहीत मला कळत नाही. सुरुवातीलाच खेळणाऱ्याला विचारा: तू 'वर्म' कसं म्हणतोस ते पाच वेळा म्हणून दाखव. ते साठव, पुढे त्याच्याशीच जुळव. जुन्या साध्या फोनमध्ये व्हॉइस डायलिंग असायचं, ते असंच चालायचं. 'आई' असं आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं आणि मग 'आई' म्हटलं की फोन लागायचा. त्या फोनला कुठलीच भाषा येत नव्हती, म्हणून तो सगळ्याच भाषांत चालायचा! शिवाय कुणी तोतरं बोलतं, कुणाचा आवाजच बारीक आहे, कुणी वन रूम किचनमध्ये राहतं जिथे रात्री साडेबाराला 'फायरबॉल' ओरडलं तर आधी आजोबा उठतात आणि मग शेजारी. अशांना कुजबुजूनही मंत्र म्हणता आला पाहिजे. हवं तर बटणही द्या. कबड्डीचा पंच करतोच ना एवढं, बारीक आवाजाच्या पोराकडे जरा झुकून ऐकतो.

तोवर स्वतः काय करता येईल? एक तर, असा गेम खेळताना शक्यतो वायरचा हेडफोन वापरा. बऱ्याच ब्लूटूथ इयरफोनमध्ये माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा खाली येतो, आणि आधीच अडखळणाऱ्या मशीनला तुम्ही आणखी धुरकट आवाज देता. पंखा माइकवर येऊ देऊ नका. आणि सेटिंगमध्ये भाषा निवडायची सोय असेल तर तिथे 'इंग्लिश - इंडिया' आहे का ते बघा. व्हॉस्क नावाचं एक मोफत ओपन सोर्स साधन आहे, त्यात भारतीय इंग्रजीचं वेगळं छोटं मॉडेल आहे आणि हिंदीचंही आहे. म्हणजे बनवणाऱ्याने मनावर घेतलं तर जमतं.

आणि मराठीचं काय? मशीनने मराठी शिकायची तर तिला मराठी आवाज लागतात. भरपूर, आणि नाना तऱ्हेचे. आयआयटी मद्रासमधली एआय फोर भारत ही टीम भारतातल्या २२ भाषांचे आवाज गोळा करतेय, त्यात मराठी आहे. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' प्रकल्प आहे, त्यातही मराठी आहे. तिथे तुम्ही फोनवरूनच वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकता, दुसऱ्यांनी वाचलेली तपासू शकता. वेबसाइट उघडायची, वाक्य समोर येतं, वाचायचं. दहा मिनिटांचं काम. पुण्या-मुंबईचे आवाज बऱ्यापैकी येतीलच. मला हवेत ते नांदेडचे, गडचिरोलीचे, चंदगडचे, बेळगावचे. 'ळ'चा 'ड' आणि 'य' करणारे, हेल काढून बोलणारे. मशीनला 'शुद्ध' मराठीच शिकवलं तर आपणही तेच केलं, जे त्या 'वर्म'ने आपल्यासोबत केलं.

आता शेवटची गंमत. मी डोक्यात एक मराठी जादूचा गेम बनवत बसले होते, फक्त मंत्रांची यादी. पहिला शब्द सुचला 'आग'. एकदम टाकाऊ! आग, बाग, नाग, जाग, वाग, माग, राग. लढाईच्या गोंगाटात मशीनला फक्त 'आ' आणि 'ग' ऐकू येणार, आणि तुमच्या हातून आगीऐवजी नाग सुटणार. (खरं तर हाही गेम मी खेळेन.) 'जळ' म्हणावं तर आणखी घोळ: पाणी की पेट घे? मोठे, खडबडीत, एकमेकांशी अजिबात न जुळणारे शब्द हवेत. 'ज्वालामुखी' मस्त. 'गारपीट' मस्त, आणि शेतकऱ्याच्या पोराला त्याची खरी भीतीही माहीत असते. 'चक्रीवादळ' चांगलं आहे, पण घाईत म्हणून दाखवा. गायब व्हायला 'छूमंतर' आहेच. ढाल म्हणून मी 'गोधडी' ठेवलंय. यावर मागे हटणार नाही.

तुमचे मंत्र व्हॉइस नोटने पाठवा, लिहून नको. आपल्या गावच्या हेलात म्हणायचे. नियम तीनच: कमीत कमी तीन अक्षरं, यादीतल्या दुसऱ्या कशाशी यमक नको, आणि आजीसमोर म्हणता आला पाहिजे. पुढच्या भागात त्यातले दहा निवडून फोनवरच्या मराठी व्हॉइस टायपिंगला ऐकवू, आणि स्क्रीनवर काय उमटतं ते वाचून दाखवेन. 'गोधडी' मी आजच करून पाहिलं. 'घोडी' आलं.

चला, भेटू!